अर्ध्या दमाचा खेळाडू

"पन्नास टक्के डावीकडून, पन्नास टक्के उजवीकडून!" तळपदे सरांनी पडद्यावरच्या गोल आकृतीवर काठी टेकवली. "याला संतुलित आक्रमण म्हणतात. अख्ख्या लीगमध्ये असा आकडा दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा मला."

कोण दाखवणार? समोर तालमीच्या गादीवर मांड्या घालून बसलेल्या खेळाडूंपैकी निम्मे पेंगत होते आणि उरलेले एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. मारुतीच्या तसबिरीखाली पांढरा पडदा टांगलेला, खोलीत तेलाचा आणि तांबड्या मातीचा वास, आणि मधोमध इस्त्रीचा टी-शर्ट घातलेले आमचे हेड कोच नाकाने कांदे सोलत उभे. ते आकडे मी काढले होते. सरांनी मागितले होते तेवढेच काढले होते. पूर्ण सामन्यात किती चढाया डावीकडून झाल्या आणि किती उजवीकडून, बस्स.

"अडचण एकच आहे," सर म्हणाले. "निवास."

मागे भिंतीला टेकून बसलेला निवास होडगे सरळ झाला. हा आमचा डाव्या बाजूचा खेळाडू, गडहिंग्लजकडचा.

"पहिल्या हाफमध्ये घोडा आणि दुसऱ्या हाफमध्ये गाढव. काय होतं रे तुला? दम नाही?"

"वाढवायलोय सर," निवास म्हणाला.

"हंगाम संपत आला, अजून वाढवतोयस! हा विराज बघ. पहिल्या हाफमध्ये स्वतःला राखून ठेवतो आणि दुसऱ्या हाफमध्ये सुटतो. याला म्हणतात डोकं."

विराज दळवी म्हणजे उजव्या बाजूचा खेळाडू आणि क्लबचे अध्यक्ष आबासाहेब दळवी यांचा सख्खा पुतण्या. स्वतःला राखून ठेवण्याखेरीज त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. पण कौतुक ऐकून तो लाजला.

"हाफ चार्ज!" कुणीतरी निवासच्या पाठीत धपाटा घातला. सगळे हसले. निवासही हसला.

याला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरातल्या आमच्या दिवटी तालमीचा संघ तोवर पिढ्यान्पिढ्या हौसेने फुटबॉल खेळत आला होता. मग राज्यात व्यावसायिक लीग निघाली, आबासाहेबांना कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तालमीचा 'दिवटी एफ. सी.' झाला. खेळाडूंना पगार सुरू झाला. मुंबईहून परवानाधारक कोच आला. परवानाधारक कोचला व्हिडिओ विश्लेषक लागतो, म्हणून मी आले. मी संख्याशास्त्राची पदवी घेतलेली, पण वडिलांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता आणि कॅमेरा तिथलाच होता. त्यामुळे तळपदे सरांच्या लेखी रोहिणी मोरबाळे ही शेवटपर्यंत 'शूटिंगवाली'च राहिली.

सरांनी आक्रमणाच्या डझनभर चाली बसवल्या होत्या आणि प्रत्येकीला एका प्राण्याचं नाव दिलं होतं. 'घार' म्हणजे मागून उंच लांब पास. 'मुंगूस' म्हणजे बचावफळीच्या पायांमधून आखूड पास. 'कोल्हा' म्हणजे एकीकडे दाखवायचं आणि दुसरीकडे जायचं. सामना सुरू झाला की ते रेषेवर उभे राहून "कोल्हा! कोल्हा!" असं बोंबलायचे आणि मैदानावरची पोरं जे मनात येईल ते करायची. चुकून गोल झालाच तर सर बाकाकडे वळून शांतपणे सांगायचे, "बघितलंत? कोल्हा." एकदा समोरच्या संघाने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला, तर त्यालाही त्यांनी 'मुंगूस' म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. असल्या माणसाला लोक वाकून नमस्कार करत होते.

आमचं मैदान खणीवरचं. म्हणजे जुन्या दगडाच्या खणीला लागून असलेलं. त्याला एकाच बाजूला पायऱ्या आहेत, पश्चिमेला. तिथे दिवटीची माणसं बसतात. खेळाडूंचे बाप, चुलते, मामा, शेजारी, शाळेतले मास्तर, सगळे. पूर्वेला नुसती खण, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि कुंपणाला लागून माझं बांबूचं मचाण. दुपारचं ऊन तिथून थेट भिंगात येतं, मचाण पायऱ्यांच्या बाजूला बांधा, असं मी सांगून पाहिलं होतं. पण आबासाहेबांना व्हिडिओत मागे भरगच्च पायऱ्या आणि त्यांच्या मध्यभागी आबासाहेब दिसायला हवे होते.

तर मी अख्खा हंगाम त्या मचाणावर डोळे बारीक करून काढला, आणि चेंडू कायम माझ्यापासून लांब. सुरुवातीला वाटलं, योगायोग असेल. माझ्या बाजूचा लाइन्समन इतका रिकामा असायचा, की एकदा त्याने चालू सामन्यात मला भाचीच्या लग्नाच्या शूटिंगचा दर विचारला. दुसऱ्या हाफमध्ये संघांनी बाजू बदलल्या की निवास माझ्या मचाणासमोर यायचा. पायऱ्यांसमोर सगळी गर्दी उसळलेली, आणि इकडे हा एकटा हात वर करून पळतोय. "मोकळा हाय! धैर्या, मोकळा हाय!" धैर्या म्हणजे आमचा कप्तान, धैर्यशील अतिग्रे. तो मान वर करून बघायचा आणि पास पायऱ्यांकडे द्यायचा.

त्या बैठकीनंतर मला राहवेना. स्टुडिओत बसून मी हंगामातले घरच्या मैदानावरचे सगळे सामने पुन्हा लावले, आणि या वेळी दोन्ही हाफ वेगळे मोजले.

पहिल्या हाफमध्ये जवळजवळ सगळ्या चढाया डावीकडून. दुसऱ्या हाफमध्ये जवळजवळ सगळ्या उजवीकडून. बेरीज केली की निम्म्या-निम्म्या! हेच ते सरांचं संतुलित आक्रमण. मध्यंतरानंतर संघ उलट्या दिशेने खेळतो, त्यामुळे संघाची डावी-उजवी बाजू बदलते. पायऱ्या काही उठून चालत जात नाहीत. दिवटीची पोरं पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत फक्त आपल्या माणसांच्या पुढ्यात खेळत होती. डाव्या बाजूचा निवास पहिल्या हाफमध्ये पायऱ्यांसमोर असायचा, म्हणून त्याला चेंडू मिळायचा आणि तो घोडा ठरायचा. दुसऱ्या हाफमध्ये पायऱ्यांसमोर विराज यायचा, म्हणून वाघ ठरायचा. दमाचा यात काडीचा संबंध नव्हता.

आणखी एक गोष्ट ऐकू आली. हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांत निवासचं "मोकळा हाय" दुसरा हाफभर चालू असे. मग ते विरळ होत गेलं. अलीकडच्या सामन्यांत तो पळायचा, थांबायचा, पुन्हा पळायचा, पण ओरडायचा नाही. सरांना यात दम संपलेला दिसला होता. मला ते ऐकून आधी वाईट वाटलं आणि मग असा संताप आला की वडिलांनी आतून विचारलं, "कुणावर आपटलीस गं खुर्ची?"

एक सामना मात्र उलटा निघाला. दिवटीची जुनी रीत अशी, की पहिला हाफ मैदानाच्या एका टोकामागे असलेल्या देवळाकडच्या गोलवर चढाई करत खेळायचा, देवीकडे तोंड करून. टॉस हरलो तरी पाहुणे कप्तान सहसा हसून तीच बाजू आम्हाला देत. त्या एका सामन्यात मात्र पाहुणा हटवादी निघाला आणि त्याने दिशा उलटी लावली. त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये निवास खणीकडे होता आणि सपशेल निकामी ठरला. बदली खेळाडू तापाने घरी होता म्हणून केवळ त्याला बाहेर काढलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये तो पायऱ्यांसमोर आला आणि शेवटच्या क्षणापर्यंत उधळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी तळपदे सरांना गाठलं. सगळं सांगितलं, फोनवर तुकडे दाखवले.

"म्हणजे तुमचं म्हणणं, माझ्या चाली कुणी खेळतच नाही?"

"कुणीच नाही सर."

सर हसले. त्यांना राग आला असता तर मी त्यांना थोडा तरी मान दिला असता.

"मॅडम, लग्नात नवरीच्या मागे कॅमेरा फिरवतात, इथे चेंडूच्या मागे फिरवायचा. तेवढं करा. विचार करायला मी आहे."

"मग त्या उलट्या सामन्यात निवास शेवटपर्यंत कसा पळाला?"

"राजगिऱ्याची चिक्की. त्याच दिवशी मी मध्यंतरात चिक्की सुरू केली."

"पुढच्या सामन्यातही दिलीच होती की."

"शरीराला सवय होते," सर म्हणाले. या उत्तरासाठी माणसाला परवाना देतात. "हे बघा, रविवारी शेवटचा सामना. त्यानंतर आबासाहेब कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं ते ठरवणार. निवासबद्दल मी माझं मत दिलेलं आहे. दुसरा हाफ पुरा करून दाखवला तर बघू."

म्हणजे निवासच्या हातात एक रविवार होता. अर्ध्या दमाचा म्हणून शिक्का बसलेल्या खेळाडूला दुसरा कुठला क्लब उभं करणार नव्हता. तो मामाचं पंक्चरचं दुकान सोडून आला होता आणि तिथेच परत गेला असता. पोरात खेळ होता. त्या अख्ख्या संघात डोकं वर करून खेळणारा तेवढा एकच होता, आणि त्याला घालवायला सर आणि आबासाहेब हे दोन दीडशहाणे निघाले होते.

मी धैर्याला दूध कट्ट्यावर पकडलं. म्हशीची ताजी धार काढून देतात तिथे तो रोज सकाळी पेला घेऊन उभा असायचा.

"धैर्या, दुसऱ्या हाफमध्ये निवासला पास का देत नाहीस?"

"देतोय की."

"एक दाखव. अख्ख्या हंगामातला एक."

त्याने मिशीवरचा फेस पुसला आणि बराच वेळ म्हशीकडे बघितलं. लबाड नव्हता तो. विचार करत होता.

"कसं सांगू ताई... खणीकडं चेंडू टाकला की समदं गप्प हुतंय. पायऱ्यांचा आवाजच येत न्हाई. चेंडू पाण्यात पडल्यागत वाटतंय."

"गोल तिकडूनही होतो."

"हुतोय की! पण बघणार कोण? म्हशी? माझा बाप पायऱ्यांवर बसतोय. एक चांगला कट मारला की त्याची शिट्टी वळखू येतीय मला."

"पगार बाप देतो का क्लब देतो?"

"पगार आत्ता चालू झालाय," धैर्या म्हणाला. "बाप आधीपासनं हाय."

या माणसांपुढे संख्याशास्त्र काय कपाळ चालणार? मी उपदेश सोडला आणि सरळ मुद्द्यावर आले. "रविवारी टॉस जिंकलास तर दिशा उलटी लाव. पहिला हाफ देवळाकडे पाठ. म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये निवास आपोआप पायऱ्यांसमोर येईल. तुम्ही तुमच्या बापांना खेळून दाखवा, त्यात त्याचंही काम होईल."

"येडबिड लागलंय काय ताई? देवीकडं पाठ करून सुरुवात? म्हातारी माणसं चप्पल काढतील."

"नाहीतर सोमवारी निवास गडहिंग्लजच्या गाडीत बसेल."

धैर्याचा चेहरा बदलला. निवास तालमीच्या माडीवर राहायचा आणि दोन्ही वेळा धैर्याच्या घरी जेवायचा. "माझ्या ताटात जेवतोय ते पोरगं," तो म्हणाला. "मागल्या महिन्यात त्याला ताप आला तवा माझ्या आईनं रात्रभर पट्ट्या ठेवल्या." त्याने पेला खाली ठेवला. "लावतो उलटी. शिव्या खातो."

रविवारी पायऱ्या तुडुंब भरल्या. पुण्याचा संघ पाहुणा होता. धैर्याने टॉस जिंकला आणि रेफरीला हाताने दिशा दाखवली. पायऱ्यांवर आधी कुजबुज आणि मग गलका झाला. एका म्हाताऱ्याने उभं राहून धैर्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. कोच साहेबांना दिशा उलटी झाल्याचं कळलंसुद्धा नाही. ते शीतपेयाच्या बाटलीचं झाकण फिरवत होते.

सामना सुरू झाला आणि माझ्या हिशेबाप्रमाणे चेंडू निमूटपणे पायऱ्यांकडे गेला. म्हणजे या वेळी पहिल्याच हाफमध्ये विराजकडे. इतके पास आल्यामुळे तो स्वतःच बावचळला होता. एक पास त्याच्या गुडघ्यावर आपटला, पुण्याच्या बचावपटूच्या पाठीला लागला आणि जाळ्यात गेला. पायऱ्या पेटल्या. आबासाहेब उभे राहून चहूबाजूंनी नमस्कार करू लागले, जणू गोल त्यांच्याच गुडघ्याने झाला होता.

इकडे माझ्यासमोर निवास एकटा. पहिला हाफ म्हणजे त्याचा हाफ, आणि आज तोही गेला होता. किती तरी सामन्यांनंतर तो पुन्हा ओरडला. "मोकळा हाय! धैर्या, मोकळा हाय!" धैर्याने मान वर केली. मला शपथेवर वाटलं, आता देईल. ज्याच्यासाठी देवीकडे पाठ केली त्याला एक पास तरी देईल. त्याने पायऱ्यांकडे दिला. मी दातओठ खात स्वतःची समजूत घातली. थांब पोरा, दुसरा हाफ तुझा आहे.

मध्यंतराची शिट्टी झाली. आणि भिंगातून मला दिसलं, की तळपदे सर बदली खेळाडूला अंग मोकळं करायला सांगतायत.

मी मचाणावरून उतरले आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून खेळाडूंच्या पत्र्याच्या खोलीत शिरले. आत चिक्की वाटणं चालू होतं. पुतण्याची पाठ थोपटायला आबासाहेबही आले होते.

"निवासला काढू नका सर."

"आता काय राहिलंय?" सरांनी खांदे उडवले. "आधी निदान पहिला हाफ पुरायचा. आज तोही नाही पुरला. बॅटरीच संपली."

मग मात्र माझा तोल सुटला. मी तिथेच सगळ्यांसमोर बोलले. "त्याच्यात दम तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. त्याला कुणी चेंडू देत नाही, हे कारण आहे. तुम्ही पायऱ्यांसाठी खेळता. तो खणीकडे असला की तुम्हाला दिसतच नाही. डावं-उजवं, घार-कोल्हा, संतुलित आक्रमण, सगळं थोतांड आहे. व्हिडिओ माझ्याकडे आहेत. आत्ता लावते."

खोलीत चिक्की चावायचा आवाजही थांबला. धैर्या बुटांच्या नाड्या बघत होता. त्याच्या शेजारचे दोघे खाली बघत होते. विराज मात्र वर बघत होता, कारण त्याला काही कळलंच नव्हतं.

आबासाहेबांनी घसा खाकरला. "म्हंजे आमच्या विराजला पायऱ्यांमुळं पास मिळत्यात, असं म्हणा की."

"हो."

"मग चांगलंच हाय की," आबासाहेब म्हणाले. "पब्लिकला आवडतोय तो."

मी बोलणार होते, पण सर पुढे झाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी निवासच्या खांद्यावर हात ठेवला आणि मवाळ आवाजात विचारलं, "निवास, तूच सांग. मॅडम म्हणतात तुला चेंडू मिळत नाही. मी म्हणतो दम नाही. काय खरं?"

"सांग," मी म्हणाले. "न घाबरता सांग."

निवासने आधी धैर्याकडे बघितलं. मग भिंतीला टेकून बसलेल्या एकेकाकडे बघितलं. कुणीही वर बघितलं नाही.

"दम लागतोय सर," तो म्हणाला. "काढा मला."

सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते फळ्याकडे वळले आणि दुसऱ्या हाफसाठी मुंगसाची आकृती काढू लागले. मी बाहेर पडले. त्या खोलीतल्या प्रत्येकाचा मला तिटकारा आला होता, आणि सगळ्यात जास्त निवासचा. ज्याच्यासाठी भांडावं त्यानेच पाठ दाखवावी! भित्रा कुठला, असं मी मोठ्याने म्हणाले, आणि जवळून जाणाऱ्या चहावाल्याने दचकून बघितलं.

दुसऱ्या हाफमध्ये विराज खणीकडे आला. त्याला एकही पास मिळाला नाही. "एकट्याने पहिला हाफ ओढला बिचाऱ्याने, थकणारच," असं सर आबासाहेबांना सांगत होते, हे मला नंतर कळलं. सामना आम्ही त्या गुडघ्याच्या गोलवर जिंकलो. पुतण्याच्या गोलने खूश झालेल्या आबासाहेबांनी पायऱ्यांवर उभ्याउभ्याच तळपदे सरांना पुढच्या हंगामासाठी ठेवलं, आणि त्याच दमात निवासला सोडलं. टाळ्या पडल्या. गुलालाची पोती फुटली आणि हलगी सुरू झाली.

मी मचाणावर सामान आवरत होते. निवास आला. सोडल्याचं त्याला कळलं होतं, तरी नेहमीसारखा मला मदत करायला आला. त्याने वर चढून जादाच्या बॅटऱ्या पिशवीत भरल्या, वायरची गुंडाळी केली.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

त्याने बॅटऱ्यांची पिशवी बंद केली.

"अरे, तुझी भाकरी गेली. उद्या पंक्चरं काढशील. एक वाक्य बोलायचं होतं."

"तुमी म्हणताय ते खरं हाय ताई," तो म्हणाला. "मला काय म्हाईत न्हाई व्हय? मीच पळत हुतो न्हवं हितं."

"मग?"

त्याने गुंडाळी हातात धरून ठेवली. पायऱ्यांवरची पोरं लाल होऊन नाचत होती.

"दम कमी हाय म्हटलं, तर दम वाढवता येतोय. पहाटं उठायचं, खणीभवती फेऱ्या मारायच्या, वाढतोय. पण ही पोरं मला ताटात घेत्यात, तापात उशाला बसत्यात, आन् मैदानात मी त्यास्नी दिसतच न्हाई... असं धरून चाललो, तर मी काय वाढवू ताई?"

माझ्याकडे त्या क्लबातल्या बाकी प्रत्येक माणसाला द्यायला उत्तर होतं. मी त्याच्या हातातली गुंडाळी घेतली आणि उगाच पुन्हा गुंडाळली.

"ए निवास!" पलीकडून धैर्याची आरोळी आली. त्याच्या दोन्ही मुठी गुलालाने भरल्या होत्या. "तिकडं काय करायलाईस लगा? ये की! तुझ्याबिगर काय मजा न्हाई!"

"आलो आलो!" निवास ओरडला. मचाणावरून त्याने खाली उडी मारली, कुंपण ओलांडलं आणि धावत सुटला. स्टँडवरचा कॅमेरा अजून चालूच होता. मी भिंगाला डोळा लावला. खणीपासून पायऱ्यांपर्यंत अख्खं मैदान त्याने तिरपं कापलं. कुठेही थांबला नाही, कुठेही पाऊल मंदावलं नाही. मध्ये तळपदे सर कुणा पत्रकाराला हातवारे करून काहीतरी समजावत होते. त्यांच्या अगदी कोपराजवळून तो वाऱ्यासारखा गेला आणि त्यांनी मान वळवली नाही. पोरांनी त्याला खांद्यावर उचललं, तोंडाला गुलाल फासला. तो हसत होता. मी भिंग जवळ आणून त्याच्या छातीवर धरलं. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.